सारवलेली देवी

चहा घ्या आधी. हातात भरलेला कप असला की माणूस जरा बेतानं हसतो, आणि आज मला तुमच्या हसण्याची थोडी धास्तीच आहे. माणूस चुकतो, मान्य. पण इतका? आणि तोही रोज सकाळी, नेमानं, चपला काढून?

गोष्ट दिल्लीतल्या द्वारकेची. आजची द्वारका नव्हे हं! आज तिथं मेट्रो जाते. तेव्हा तिथं धूळ होती. धूळ आणि सेक्टरांचे आकडे. रिक्षावाल्याला ‘द्वारका’ म्हटलं तर तो आभाळाकडे बघायचा, जुन्या गावाचं नाव घेतलं की मग कुठे हँडलला हात घालायचा. देशात सगळं खुलं झालं होतं म्हणे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भलीमोठी डिश होती, कोपऱ्यावरच्या टपरीवर परदेशी शीतपेयाची लालभडक पाटी होती. नळाला तेवढं पाणी नव्हतं. पाणी टँकरनं यायचं. म्हणजे यायचं तेव्हा यायचं.

फ्लॅट हा कुमुदचा, माझ्या बायकोचा हट्ट. आमची सगळी वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. ती म्हणायची, ‘‘मला एकदा स्वतःच्या भिंतीला स्वतःचा खिळा मारायचाय.’’ फरशीसुद्धा तिनंच पसंत केली होती. ताबा मिळाला तेव्हा ती नव्हती. मी एकटाच राहायला गेलो. भिंती अजून कोऱ्याच होत्या.

मुलगी बंगळूरला, संगणकाच्या कंपनीत. रविवारी एसटीडी बूथवरून फोन. ‘‘बाबा, ठीक ना?’’ ‘‘ठीक.’’ ‘‘जेवलात?’’ ‘‘जेवलो.’’ मीटर पळत असतो, माणूस आणखी काय बोलणार? ऑफिसात हिंदी, चार्टर्ड बसमध्ये पंजाबी. मराठी बोलायचं तर शेजारच्या पाठारे वहिनींशी. पण वहिनींशी बोलायचं म्हणजे ऐकायचं. असे दिवस जायचे की संध्याकाळी कुलूप उघडताना लक्षात यायचं, आज आपण मराठीतला एक शब्दही उच्चारलेला नाही. मग मी कुलपालाच म्हणायचो, ‘‘उघड रे बाबा.’’

तर, सकाळी फिरायला जायचो. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक गाव होतं. चारी बाजूंनी सेक्टर उगवलेले, मध्ये गाव तसंच राहून गेलेलं. गावाच्या अलीकडे मोकळं माळरान, आणि एके दिवशी तिथं मला ती दिसली.

देवी!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? माणसापेक्षा उंच, खाली गोल, वर निमुळती होत गेलेली घुमटी. अंगभर गुळगुळीत सारवलेली. सारवणावर बोटांनी काढलेली नक्षी. मोर, वेली, हाताचे पंजे. पुढच्या बाजूला शेंदराचा ठिपका. आणि शेंड्यावर चक्क कळस! जरा काळा होता, पण कळस.

शेणाचा वास येत होता का? येत होता की! पण आपल्याकडे कुठल्या गावच्या देवळापुढं येत नाही? मी गिरगावच्या चाळीत वाढलेला माणूस. मला खेडं माहीत ते सुट्टीपुरतं, आणि सुट्टीत एवढंच शिकलो होतो की सारवलेली जमीन दिसली की चपला बाहेर.

मी स्वतः देवभोळा नाही. ते खातं कुमुदकडे होतं. एसटीतून जाताना रस्त्याकडेला शेंदूर फासलेला दगड दिसला की तिचे हात जोडलेच. म्हसोबा असो, मरीआई असो, मैलाचा दगड असो. मी चिडवायचो. ती म्हणायची, ‘‘हात जोडायला काय जातंय तुमचं?’’

त्या सकाळी मी चपला काढल्या आणि हात जोडले. आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून आपोआप आलं, ‘‘कुमुद, काल दूध पुन्हा उतू गेलं गं.’’

माळावर चिटपाखरू नव्हतं. असतं तरी मराठी कुणाला कळणार होतं? मग मी टँकरचं सांगितलं. मोज्याच्या हरवलेल्या जोडीदाराचं सांगितलं. वहिनींनी दिलेल्या मटकीच्या उसळीत मीठ नव्हतं, तेही सांगितलं. परत येताना छाती हलकी झालेली. फ्लॅटमध्ये तिच्याशी बोलता येत नव्हतं. त्या घरात ती कधी राहिलीच नव्हती ना! इथं येत होतं.

झालं. रोजचा नेमच पडला. गॅलरीतल्या कुंडीतली सदाफुलीची दोन फुलं घ्यायची, जायचं, वाहायची, काल दिवसभरातलं सांगायचं आणि धावत येऊन चार्टर्ड बस पकडायची. मला दुसरं काही नको होतं. ती जागा तेवढी राहावी.

पण फुलं हातात घेऊन जाणारा विधुर सोसायटीच्या नजरेतून सुटतो होय?

‘‘भाऊजी, रोज फुलं घेऊन कुठं जाता हो?’’ पाठारे वहिनींनी जिन्यातच गाठलं.

‘‘काही नाही, मागं एक देवीचं ठाणं आहे...’’

‘‘अच्छा! आणि मला आज सांगताय? इथं येऊन वर्ष झालं, देवीची ओटी नाही भरली म्हणून जीव नुसता तळमळतोय माझा!’’

खरं सांगतो, हे गुपित माझ्या तोंडून का फुटलं, मला अजून कळलेलं नाही. पण वहिनींना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. देवीचा मळवट भरला. घुमटीला प्रदक्षिणा घातल्या. ‘‘जागृत आहे हो! उभं राहिल्यावर अंगावर काटाच येतो.’’ काटा माळावरच्या बाभळीचा होता, पायात गेला होता. पण ते जाऊ दे.

वहिनींना कळलं म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष चोप्रासाहेबांना कळलं. ते एकदा जाऊन माथा टेकवून आले, आणि योगायोग बघा, त्या दिवशी टँकर वेळेवर आला! दुसऱ्या दिवशीही आला!

‘‘करंदीकरजी, आप तो छुपे रुस्तम निकले!’’ चोप्रासाहेबांनी मला मिठीच मारली. ‘‘इतनी सिद्ध जगह, और हमें बताया तक नहीं!’’

मग काय विचारता! कुणी लाल धागा गुंडाळतंय, कुणी लिंबू-मिरची अडकवतंय, कुणाच्या मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश हवाय. मी आपला सगळ्यांच्या आधी अंधुकात जायचो आणि गर्दी व्हायच्या आत कुमुदशी दोन शब्द बोलून परतायचो. तेवढ्यात जुलै आला आणि दिल्लीचा तो चिकट पाऊस सुरू झाला; चिखलामुळे बाकीच्यांचं जाणं थांबलं, माझंच तेवढं चालू राहिलं. चोप्रासाहेबांनी नोटीस लावली, रविवारी कमिटी पाहणीला जाणार. ओटा बांधायचा, वर पत्रा घालायचा, गुळगुळीत पांढऱ्या फरशा लावायच्या. मला नुसतं वाचूनच कसंतरी झालं. पांढऱ्या फरशीसमोर मी उतू गेलेल्या दुधाचं काय सांगणार, कप्पाळ?

रविवारी म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. रात्रभर पाऊस पडून उघडला होता. फुलं वाहिली. ‘‘कुमुद,’’ म्हटलं, ‘‘हे लोक आता इथं फरशा बसवणार बघ. मग मी कुठं...’’

‘‘पकड़ लिया!’’

घुमटीच्या मागून आवाज आला. देवीच बोलली असं वाटून मी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात एका बाजूनं काठी घेतलेली एक उंचीपुरी म्हातारी, आणि दुसऱ्या बाजूनं हातात चप्पल घेतलेली तिच्याहून जरा लहान बाई. दोघींच्या ओढण्या कमरेला खोचलेल्या.

‘‘कुण सै रै तू? किसनै भेज्या सै?’’ म्हातारी गरजली.

‘‘माताजी, मैं... मैं तो देवी के दर्शन को...’’

‘‘कुण सी देवी?’’

मी घुमटीकडे बोट केलं. त्या दोघींनी घुमटीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे, मग माझ्याकडे.

‘‘रै बावळे, यो म्हारा बिटौड़ा सै!’’

‘‘बिटौड़ा... मतलब?’’

म्हातारीनं काठीचं टोक घुमटीच्या कुशीत खुपसलं आणि फिरवलं. सारवण खळकन फुटलं आणि आतून, माझ्या सदाफुलीसकट, माझ्या पायावर घरंगळत आल्या गोवऱ्या! एकावर एक रचलेल्या, कोरड्या ठणठणीत, हजारो गोवऱ्या.

‘‘उपले सैं, उपले! गोबर!’’

मग दोघींनी मिळून माझा जो काही उद्धार केला त्यातून मला उलगडा होत गेला. पावसाळ्यासाठी बायका गोवऱ्या रचून वरून शेणानं लिंपून ठेवतात, भिजू नयेत म्हणून. तो बिटौड़ा. नक्षी हौसेची. काळं मडकं आणि लाल ठिपका दृष्ट लागू नये म्हणून. कळस कसला न् काय! आणि पाऊस लागताच म्हातारी गोवऱ्या काढायला आली तर बिटौड़्याभोवती नारळ, कुंकू, हिरव्या बांगड्या, लिंबं!

‘‘टोणा!’’ ती ओरडली. ‘‘गाम कहै सै, किसे नै टोणा कर दिया!’’

करणी हो, करणी! आमच्या पाठारे वहिनींनी भक्तिभावानं भरलेली ओटी ही तिथं करणी ठरली होती. गावात कुणी त्या गोवऱ्यांना हात लावायला तयार नव्हतं. पाऊस सुरू होऊन इतके दिवस झाले, म्हातारी ओल्या काटक्या फुंकत बसली होती, धुरानं डोळे सुजले होते. वर तिचा संशय सख्ख्या जावेवर. जाऊ म्हणजे चप्पलवाली. दोघींचं बोलणं बंद झालं होतं. शेवटी जावेनंच शपथ घेतली, की जो कोण आहे त्याला मी स्वतः पकडून देते. म्हणून आजची ही संयुक्त मोहीम.

‘‘के काम करै सै तू?’’ जाऊबाईंनी चप्पल नाचवत विचारलं.

‘‘सरकारी नौकरी.’’

‘‘किस महकमे मैं?’’

मंडळी, हे तुम्हालाही सांगायचं मी टाळत होतो. पण आता चप्पल समोर आहे म्हटल्यावर काय लपवणार?

‘‘जी,’’ मी म्हणालो, ‘‘गोबर गैस.’’

हो. शेणापासून ऊर्जा! सरकार त्यावर पुस्तिका काढायचं आणि त्या मराठीत आणायचं काम माझं. शेण किती, पाणी किती, टाकी कशी, ज्योत निळी की पिवळी, सगळं माझ्या लेखणीतून उतरलेलं. ‘गोवरीच्या रूपाने जाळले जाणारे शेण’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल! गोवरी जाळण्यापेक्षा गॅस कसा बरा, हे मी अख्ख्या महाराष्ट्राला पटवत होतो. आणि ज्या ढिगाविरुद्ध माझी हयात गेली, त्याच ढिगाला रोज सकाळी नमस्कार!

म्हातारीच्या पोटातून हसू आलं. काठी टाकून ती खालीच बसली. ‘‘अरी सुण! यो सरकार मैं गोबर का अफसर सै! गोबर का!’’ इतके दिवस एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

मग म्हातारीनं डोळे पुसले. ‘‘और न्यू बता, खड़्या हो कै के बोलै था? मंतर?’’

‘‘नहीं माताजी. मेरी पत्नी... गुज़र गईं. उन्हीं से.’’

जावेनं चप्पल पायात घातली.

म्हातारी उठली आणि एक टोपली माझ्यापुढं सरकवली. ‘‘चाल. ठा.’’

‘‘जी?’’

‘‘तन्नै करया सै, तू ए उतारैगा. गाम मैं तो कोए हाथ ना लावै. तू ठा कै ले चाल, अर पहली रोटी तू खा सबके साम्हीं. जी गया, तो टोणा ना सै.’’

गोवऱ्या मीच वाहायच्या, त्यांवर भाजलेली पहिली रोटी मीच खायची, आणि जगलो तर करणी नाही. न्याय म्हणजे न्याय! मी टोपली भरली, डोक्यावर घेतली. केंद्र सरकारचा अधिकारी, कुर्ता-पायजमा, पायात चिखल, डोक्यावर गोवऱ्या. आणि नेमकी त्याच क्षणी समोरून कमिटी आली. चोप्रासाहेब मोजमापाची टेप घेऊन, आणि पुढं पाठारे वहिनी, हातात निरांजन.

वहिनी थबकल्या. फुटलेल्या घुमटीकडे पाहिलं. माझ्या डोक्याकडे पाहिलं.

‘‘अगं बाई! भाऊजी, देवी कुठं नेताय?’’

‘‘रोटी भाजायला, वहिनी!’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

चोप्रासाहेबांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘तो फिर टैंकर कौन लाया?’’ वहिनी मात्र वाकून ओटीतली एकेक बांगडी गोळा करायला लागल्या. ‘‘भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून हो, नाहीतर मी कधी कुठल्या ढिगाला...’’ पुढचं त्यांनी गिळलं. मला वाटतं, माझी कुमुद आता नाही याची आठवण झाली असावी त्यांना.

म्हातारीच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. चूल पेटली. गोवऱ्या खरंच चांगल्या होत्या. धूर थोडा, आच एकसारखी. पहिली रोटी माझ्या हातावर आली, वर लोण्याचा गोळा. सगळे माझ्या घशाकडे बघतायत. एक घास, दुसरा घास. मी मरतोय का, याची एवढी उत्सुकता कुणाला असेल असं त्या दिवसांत मला वाटलं नव्हतं.

‘‘जीवै सै!’’ जाऊबाईंनी जाहीर केलं, आणि बायका टोपल्या घेऊन माळाकडे पळाल्या.

ज्या देवीला इतके दिवस फुलं वाहिली, तिच्यावर भाजलेली रोटी खाऊन घरी आलो. दारं-खिडक्या बंद होत्या तशाच. कपडे धुवायला टाकले. आणि इतकं हसू यायला लागलं की काय सांगू! ती गेल्यापासून इतकं गमतीचं माझ्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. हे ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली असती, पदर तोंडात कोंबून. सांगायलाच हवं होतं तिला. आणि सांगायची जागा तेवढी चुलीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं पाय तिकडेच वळले. बिटौड़ा अर्धाअधिक उतरला होता, आतल्या गोवऱ्या उघड्या पडल्या होत्या. आता सगळं ठाऊक असताना बोलायचं कसं? तरी चपला काढल्या. ‘‘कुमुद, काल काय झालं माहितीये...’’

‘‘ऐ गोबर बाबू!’’

आपल्या अंगणाच्या भिंतीवरून म्हातारी हात करत होती. ‘‘गोबर तै के बोलै सै? आड़े आ. चा बण री सै.’’

गेलो. अंगणात खाटेवर बसलो. तिनं पितळी पेला हातात दिला, स्वतः चुलीपाशी टेकली आणि म्हणाली, ‘‘हाँ, इब बोल. अपणी बोली मैं ए बोल.’’

आणि मी बोललो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चपलेपासून निरांजनापर्यंत, स्वच्छ मराठीत. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण मान डोलवत होती, चुलीत गोवरी सारत होती, मी थांबलो की ‘‘फेर?’’ म्हणत होती. बस चुकली त्या दिवशी माझी.

उठताना मला संकोच वाटला. म्हटलं, ‘‘माताजी, आपको कुछ समझ तो आया नहीं होगा. बेकार आपका समय लिया.’’

‘‘समझ का के सै?’’ ती म्हणाली. अंगणात एका कोपऱ्यात खुंटा होता, त्याला नुसता दोर लोंबत होता. तिकडे बघत तिनं आपल्या गेलेल्या नवऱ्याचं, ‘ताऊ’चं, नाव काढलं, ‘‘थारे ताऊ के जाए पाच्छै मैं भी भैंस तै बोल्या करती. वा भी न्यूए देखै थी, समझै कुछ ना थी. छोऱ्यां नै बेच दी. तू आ जाया कर. उसकी जगहा खाली सै.’’

आता सांगा! उभा जन्म सरकारी नोकरीत गेला. बढतीसाठी अर्ज केले, बदलीसाठी साहेबांचे उंबरे झिजवले, कुठल्या रिकाम्या जागेवर माझी कधी नीट वर्णी लागली नाही. आणि इथं ना अर्ज, ना मुलाखत, म्हशीच्या जागेवर थेट नेमणूक!

मी लगेच रुजू झालो.